भांड्यात मारलेली हाक

मोचे, २४ एप्रिल १९९६

प्रिय एलोय,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू नेलिदाला आधी विचारशील, "कोण वारलं?" कोणी वारलेलं नाही. सगळे आहेत. गाढवसुद्धा आहे, फक्त आता ते ओझं घेत नाही, नुसतं खातं.

पर्पेतुआच्या दुकानात आता फोन बसवला आहे. नेलिदाने परवा तिथेच फोन केला. मी भट्टीपाशी होतो. मला बोलावून आणेपर्यंत फोन तुटला, म्हणून निरोप पर्पेतुआनेच ऐकला. म्हणजे तो आता कालव्याच्या दोन्ही काठांना ठाऊक आहे. तू झोपत नाहीस. चमचा हातात धरून ताटासमोर बसून राहतोस. पहाटे उठून किनाऱ्याने उत्तरेकडे चालायला लागतोस आणि कोणी बोलावलं तर ओ देत नाहीस. पर्पेतुआने हे मला सांगताना माझ्या तोंडाकडे फार निरखून पाहिलं. तिची सवय तुला माहीत आहे.

डॉक्टरला दाखवलंच असशील. आपलं देऊळ सोडून तू ज्या सभेत जातोस, तिथली मंडळी प्रार्थना करत असतील. करू देत. मीही इथे करतो आहे. माझ्या मेणबत्त्या तुला चालत नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून नुसतीच करतो.

इकडे मका बरा आहे. शेतकऱ्यांच्या सान इसिद्रोच्या मिरवणुकीची तयारी सुरू आहे. पालखीला यंदाही माझा खांदा आहे. भांड्यांचं काम चालू आहे, त्रुहियोच्या दुकानदाराला जुन्या सरदारांच्या तोंडांची नेहमीची भांडी हवी आहेत. डोळे आता मीच रंगवतो. बरे होतात.

मला फक्त एवढं कळव की हे झोपेचं नक्की कधी सुरू झालं. पवित्र आठवड्याच्या आधी की नंतर? सहज विचारतो.

आणि त्या शुक्रवारी दुपारी तू कुठे होतास? ही ओळ खोडणार होतो, पण खोडलेलं पत्र बरं दिसत नाही.

तुझा थोरला भाऊ,
कासिमिरो


मोचे, ३० एप्रिल

प्रिय एलोय,

तुझं उत्तर आलं नाही. नेलिदाचा पुन्हा फोन आला, या वेळी मी धावत पोचलो. तिला काही न सांगता विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीपासून, दादा. त्याआधी घोरून घोरून जीव नकोसा करायचे. आता घोरणं ऐकायला मी देवाला विनवते."

म्हणजे शनिवारपासून. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. काम हातात घेतो, ठेवतो. देवळात जातो, अर्ध्यातून उठतो. तुला सांगितल्याशिवाय हे थांबणार नाही, म्हणून सांगतो. वाचून होईपर्यंत फाडू नकोस.

उभ्या कपाळाच्या सरदाराचा साचा तडकला. आपल्या बाबांनी जमिनीतून निघालेल्या खऱ्या भांड्यावरून उचललेला तोच. दुकानदाराला माल द्यायचा होता, म्हणून म्हटलं एक चेहरा हातानेच करून बघू. तू चिंबोतेला गेल्यापासून मी हाताने चेहरा केलाच नव्हता, साच्यात दाबायचा आणि सांधा पुसायचा. तर त्या गुरुवारी मी बसलो. मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. बोटं आपली आपली चालत होती. उठून हात धुतले, मागे वळलो, आणि पाटावर तू होतास. गाढवाने लाथ मारून फोडलेली ती भुवई. विचार करताना आत ओढून घेतोस तो खालचा ओठ. डोक्यावर सरदाराची पट्टी, तिच्यावर कमान आणि कमानीतून निघालेली तोटी, पण खाली तू.

दुसऱ्या दिवशी पवित्र शुक्रवार, त्या दिवशी मी काम करत नाही, हे तुला माहीत आहे. पण मातीला वार कळत नाही. कमानीचा सांधा बघायला हवा होता, नाहीतर वाळताना चिरला असता. क्रूसाची वाट आटोपून घरी आलो, ओलं फडकं काढलं आणि तोटीला तोंड लावून फुंकर मारली. वारा मोकळा जातो का, एवढंच बघायचं होतं. आतून तो घुमल्यासारखा आवाज आला. लहानपणी आपण तो ऐकून हसायचो.

आणि मी तुझं नाव घेतलं. तोटीला तोंड लावूनच. नुसतं नावच नाही. घाबरून आजारी पडलेल्या लेकराची सावली जिथे सांडली असेल तिथून ती घरी आणायला त्याचा सदरा हातात धरून आया जे म्हणतात, ते म्हणालो. "ये एलोय, ये, तिथे राहू नकोस, घरी ये." का म्हणालो, मला सांगता येणार नाही.

दारात पर्पेतुआ उभी होती. शुक्रवारची मासळी घेऊन आली होती.

"कोम्पाद्रे, कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. वारा जातो का बघतोय."

"वाऱ्याचं नाव एलोय कधीपासून पडलं?"

मग ती आत आली. तिने भांड्याचं तोंड पाहिलं आणि ताट जमिनीवर ठेवलं. "अगं आई गं. आज? आजच्या दिवशी? आज देव मेलेला असतो, कोम्पाद्रे. वाकाच्या थडग्यांतले ते जुने लोक सगळे कान उघडे ठेवून बसलेले असतात. माझा आजा याच दिवशी फावडं घेऊन त्या मातीच्या डोंगरावर जायचा, कारण आज ते देतात आणि आज ते घेतात. आणि तुम्ही जिवंत माणसाचं नाव भांड्यात घातलंत?"

मी हसलो. "तुमची मासळी गार होतेय," म्हटलं.

ती गेली. सोमवारी मी ते भांडं बाकीच्यांबरोबर भट्टीत लावलं. छान भाजलं गेलं. एकही डाग नाही.

याच्यामुळे ते झालं असं मी म्हणत नाही. मी आस्तिक माणूस आहे, भोळसट नाही. घडलं ते एवढंच आहे. आता तू सांग, त्या शुक्रवारी तू कुठे होतास?

कासिमिरो


मोचे, ७ मे

एलोय,

बसच्या ड्रायव्हरने तुझी चिठ्ठी दिली. "ती मूर्ती फोड. मी देवाच्या हातात आहे, तुझ्या मातीत नाही. आणि नेलिदाला तुमच्या भानगडीत ओढू नकोस." शुक्रवारचं काही लिहिलं नाहीस. अक्षर तुझं नव्हतंच म्हणावं इतकं हललेलं आहे. डोळ्याच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढणारा हात तुझा. हे अक्षर बघून मला तुझ्या शब्दांचा राग आला नाही.

फोडायला गेलो होतो. अंगणात नेलं, दगड उचलला. तू माझ्याकडे बघत होतास. डोळे मीच रंगवलेले, थोडे तिरपे झालेले, तरी बघत होतास. मी स्वतःला म्हटलं, कासिमिरो, यात काही नाही असं तुला वाटत असेल तर फोडण्याची गरज नाही. आणि काही आहे असं वाटत असेल तर तू हे काय करतो आहेस? दगड खाली ठेवला. त्यानंतर सबंध दिवस मी दगडाजवळून गेलो नाही.

फादरकडे गेलो. नवे आहेत, तरुण आहेत, मोटारसायकलवरून येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. म्हणाले, "भावाला हाक मारलीत यात पाप कसलं? फक्त पुढच्या वेळी भांड्यात नको, त्याला जाऊन मारा. चिंबोते काही लांब नाही."

ते बाहेरगावचे आहेत. त्यांना नकाशावरचं अंतर दिसतं.

मग मी उतारे करणाऱ्या मास्तर फ्लोरेंतिनोकडे गेलो. आता तू नाक मुरडशील. मुरड. माणूस बुडायला लागला की काठी कोणाच्या हातातली आहे ते बघत नाही. त्याची मांडणी अजून तशीच आहे, मध्ये सान अंतोनियो, एका अंगाला तलवारी, दुसऱ्या अंगाला जुन्यांची भांडी, खरी, जमिनीतून निघालेली, नाकं झिजलेली. त्याने माझं भांडं उचललं, कानाला लावलं.

"हा झोपत नाही ना?" म्हणाला.

पर्पेतुआने आधीच सांगितलं असणार.

"फोडू का, मास्तर?"

"फोड की. भाऊ तुझा आहे, माझा नाही."

"मग काय करू?"

"कच्चं होतं तेव्हा आला असतास तर पाण्यात विरघळवून कालव्याला सोडलं असतं. दोन हाका मारल्या असत्या, संपलं असतं. तू शहाणा, भाजून पक्कं केलंस. आता ज्याचं नाव घेतलंस त्याने आपल्या हाताने यातून पाणी प्यावं. म्हणजे त्याचं त्याच्याकडे जाईल."

"तो नाही पिणार. तो सभेत जातो."

"का? सभेतल्या लोकांना तहान लागत नाही?"

घरी आलो तर पर्पेतुआ उपाय घेऊन बसलेली. "जुन्यांची भांडी कुठे असतात, कोम्पाद्रे? जमिनीत. मग तेही पुरून टाका." मी म्हटलं, "बाई, माझ्या जिवंत भावाचं तोंड मी मातीत पुरू?" तिने तोंडावर हात मारून घेतला. मग म्हणाली, "तेही खरंच."

एकदाच पी, एलोय. साधं पाणी. तुझ्या घरच्या हंड्यातलं. वर तुझी प्रार्थना म्हण, माझी काही हरकत नाही. मी बसने पाठवू म्हणतोस तर पेंढ्यात गुंडाळून पाठवतो, पण ड्रायव्हरच्या भरवशावर तुला पाठवायला माझं मन होत नाही. बघ, काय लिहून गेलो. भांडं पाठवायला, म्हणायचं होतं.

उत्तर दे. या खेपेला शिव्या दे हव्या तर, पण जास्त ओळी लिही.

कासिमिरो


मोचे, १६ मे

एलोय,

काल सान इसिद्रोची मिरवणूक होती. शेताशेतातून पालखी नेली. लोक मक्याची कणसं बांधत होते, बाजावाले प्यालेले होते, सगळं नेहमीसारखं. माझ्या दारापाशी पालखी थांबवली तर पर्पेतुआ भांडं उचलून घेऊन आली आणि सरळ संताच्या पायाशी ठेवायला लागली. पुढच्या खांद्याचा रुफिनो ओरडला, "अहो बाई, त्याला नांगर कळतो, भांडी नाही!" सगळे हसले. मीही हसलो असतो.

तेवढ्यात दुकानातून पोरगी पळत आली की चिंबोतेचा फोन आहे.

नेलिदा बोलू शकत नव्हती. शेजारणीने सांगितलं. पहाटे तू पाण्यात चालत गेलास. पोहायला नाही, बुडायलाही नाही, ती म्हणाली, नुसता चालत गेलास, जसा काही पुढे रस्ता आहे. होडीवाल्यांनी ओढून काढलं. तू त्यांना म्हणालास, "हो हो, येतो."

कोणाला म्हणालास ते?

मी खांदा दुसऱ्याला दिला. मिरवणुकीच्या मधोमध. सान इसिद्रो मला क्षमा करो, इतक्या वर्षांत प्रथमच.

तू बोलावलेलं नाहीस. तू दारात घेशील की नाही माहीत नाही. हे पत्र सकाळच्या बसने येईल, मी शनिवारच्या बसने येतो. भांडं घेऊन येतो. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण.

कासिमिरो


मोचे, २१ मे

भावा,

तू जागा झालास तेव्हा मी नव्हतो, म्हणून लिहितो. तुला ठाऊक आहे तेही लिहितो, कारण आपण दोघांनी एकच पाहिलं का, याची मला खात्री नाही.

बसमध्ये भांडं मांडीवर होतं. शेजारी विरू गावची एक बाई बसलेली, कोंबडी घेऊन. वाळवंट सुरू झालं आणि फडकं वाऱ्याने सरकलं.

"कोणाचं तोंड हे?"

"भावाचं."

"देव त्याला शांती देवो."

"जिवंत आहे, बाई."

"मग असं गुंडाळून काय नेताय त्याला?" म्हणाली आणि कोंबडी घेऊन खिडकीकडे सरकली.

तुमच्या गल्लीत मासळीच्या भुकटीचा वास इतका की डोळ्यांना पाणी आलं. नेलिदाने दार उघडलं. किती वाळली आहे ती. म्हणाली, "या दादा, आत या. ते मात्र नको."

"त्याला एकट्याला बाहेर ठेवू?"

"मग दोघंही बाहेरच बसा," म्हणाली, आणि आतून खुर्ची आणून दिली. वर पाणी दिलं, पेल्यातून. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं नाही, याचंच मला जड झालं. मग तिनेच मला किनाऱ्यावर आणून सोडलं.

तू उपड्या होडीच्या सावलीत जाळं घेऊन बसला होतास. मी तुला लगेच ओळखलं नाही. हे तोंडावर बोललो नव्हतो.

"आलास?"

"आलो."

"आणलंस?"

"आणलंय."

"काढ फडकं. बघू तरी काय दिवे लावलेस."

मी काढलं. तू किती तरी वेळ बघत राहिलास. तू ओरडशील, तोंड फिरवशील, देवाचं नाव घेशील, मी सगळ्याची तयारी केली होती.

"कान चुकलाय," म्हणालास.

"काय?"

"डावा कान. इतका वर कुठे आहे माझा? तुला कान कधी जमलेच नाहीत, दादा."

"साचा नव्हता."

"आणि डोळे?"

"मीच."

"दिसतंय ते."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग तू भांडं माझ्याकडे वळवलंस आणि आपलं तोंड त्याच्या शेजारी आणलंस. "नीट बघ. हा मी आहे का? माझं इथे पांढरं झालंय. इथे लोंबायला लागलंय. हा तुझ्या शेजारी बसून कुंचला चोखायचा तो आहे. तू त्याला हाक मारलीस. मला नाही."

बसमध्ये परत येताना सुचलं तेवढं लिहितो. ओठ कापलेल्या त्या सरदाराचे तीन साचे आपल्याकडे आहेत, पोरवयाचा, भरात असलेला आणि उतरलेला. जुन्यांनी एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. मी तुझ्याकडे मधल्या वर्षांत पाहिलंच नाही, मग करणार तरी कोणाला?

तू सुई पुन्हा जाळ्यात घातलीस. माझ्याकडे न बघता म्हणालास, "पण ऐकू आली."

"काय?"

"त्या शुक्रवारी. इथेच बसलो होतो. मागे वळून पाहिलं, कुत्रंसुद्धा नव्हतं. सभेत सांगितलं तर म्हणाले, मोह आहे, उपास कर. केला. नेलिदाला नाही सांगितलं. तुझं पत्र आलं, शुक्रवारी कुठे होतास म्हणून, तेव्हा ते मी या होडीखाली लपवलं."

मी बाटली काढली, आपल्या कालव्याचं पाणी आणलं होतं. "पी, एलोय. एक घोट."

"नाही."

"माझ्यासाठी."

"दादा, मी यातून पिणार नाही. मेलो तरी नाही. मी देवाला शब्द दिलाय. तू फोड."

"मी फोडणार नाही. मेलो तरी नाही."

"मग बसू दोघं मरत," म्हणालास, आणि हसलास. तुझं ते हसणं नेलिदाला लांबून ऐकू आलं. ती उभी राहिली, हे तू पाहिलं नाहीस.

मग तू ते उचललंस. आपणहून. तुझ्या मांडीवर उपडं केलंस आणि अंगठ्याने तळ चाचपलास. "जाड ठेवलायस तळ."

"घाईत केलं."

"बरं झालं." तू पिशवीतून दोरखंड ओवायची टोकदार आरी काढलीस. "भोक पाडू."

"तडकेल!"

"दाबलं तर तडकेल. ओली वाळू घालून फिरवलं तर नाही. भोक पडलेलं भांडं भांडं नसतं, दादा. त्यात पाणी राहणार नाही, आणि तू म्हणतोस तेही राहणार नाही. आणि माझ्या देवाला सांगता येईल की ही मूर्ती नाही, गाळणी आहे."

मला वाटलं, हे मास्तरला विचारायला हवं. मग वाटलं, फादरला विचारायला हवं. दोघंही तिथे नव्हते, तू होतास.

तुझं तोंड माझ्या दोन्ही मांड्यांत, खाली माझा लोकरी पोंचो. तू आरी धरलीस. दोन तळव्यांमध्ये फिरवत राहिलास, मी वाळू आणि पाणी घालत राहिलो. तुझे हात दमले की मी घेतली, मी दमलो की तू. आवाज बदलला की दोघंही थांबायचो आणि बोटाने चीर शोधायचो. भट्टीपाशी असंच असायचं, कोणी बोलायचं नाही. एकदा तू म्हणालास, "भीती वाटते का?"

"हो."

"मलाही. तुझ्या त्या जुन्यांची नाही, त्यांचं माझा देव बघून घेईल. हे तडकलं तर तुझं काय होईल त्याची."

आरी पलीकडे गेली तेव्हा हाताला नुसता हलकेपणा लागला. माझ्या विजारीवर चिमूटभर तांबडी पूड पडली. तू भोकाला डोळा लावलास, तोटीला बोट लावलंस, काढलंस. मी तुझ्याकडे बघत होतो. काय दिसायला हवं होतं, मला ठाऊक नव्हतं.

"काय वाटतंय?"

"भूक लागलीय," म्हणालास.

नेलिदाने मासळी आणि उकडलेले युकाचे कंद आणले. तू दोन्ही हातांनी खाल्लंस. हे तुला आठवत असेल. तू मला होडीच्या मालकाची गोष्ट सांगत होतास, त्याच्या सासूची, आणि "तर ती म्हातारी त्याला म्हणते," इतकं बोलून थांबलास. मला वाटलं आठवतो आहेस. तू झोपला होतास.

इथून पुढचं तुला माहीत नाही. तुझं तोंड उघडं पडलं. थोड्या वेळाने घोरायला लागलास. आजूबाजूचे जाळीवाले बघायला जमले तेव्हा नेलिदाने त्यांना हातानेच हाकललं, नवऱ्याचं घोरणं ऐकायला जसं काही तिकीट लावलं होतं. मग तुझ्याजवळ बसली, नाकाशी हात धरून श्वास बघितला, आणि आवाज न करता रडली. मी जपमाळ काढली होती. तुझ्या डोक्यापाशी बसून तुझ्या सभेला न चालणाऱ्या सगळ्या प्रार्थना मी म्हणून घेतल्या. तू झोपेत होतास, तुझ्यावर दोष नाही.

ऊन उतरलं. माझी बस होती. नेलिदा म्हणाली, "दादा, हाक मारते त्यांना. निरोप तरी घ्या."

मी तिचा हात धरला. "नको. झोपू दे."

भांडं तिने घरात नको म्हटलं, मीही आग्रह केला नाही. काखेत घेतलं आणि वाळूतून रस्त्याकडे चालू लागलो. तुझं नाव माझ्या जिभेवर होतं, एलोय म्हणून मागे वळावं इतकंच. रस्ता येईपर्यंत दात मिटून चाललो.

काल नेलिदाचा फोन आला की तू अजून झोपतोस, उठतोस, खातोस, पुन्हा झोपतोस. पर्पेतुआने दुकानात सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. मी अजून खात्री धरत नाही. मी रोज तिच्या दुकानाभोवती घुटमळतो.

आता पाकिटावर तुझं नाव लिहायचं राहिलं आहे. तोंडाने न उच्चारता लिहितो.

कासिमिरो